भिंतीवर चिकटवलेला पत्रा गळती थांबवत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत घराच्या गळतीवर लेख आला होता, तो दोनदा वाचला. बाकी माहिती चांगली होती पण छप्पर जिथे विटांच्या भिंतीला येऊन भिडतं त्या जागेबद्दल फक्त एवढंच होतं की तिथे चांगलं सीलंट मारून घ्यावं. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण याच एका सल्ल्यापायी आमच्या घरात तीन पावसाळे ओल होती.

आमच्याकडे वरच्या मजल्याची विटांची भिंत आहे आणि तिला लागून खालच्या खोलीचं उतरतं छप्पर. पहिल्या वर्षी त्या सांध्यावर डांबर फासलं, उन्हाने तडकलं. दुसऱ्या वर्षी सीलंट. तिसऱ्या वर्षी एका कारागिराने काटकोनात वाकवलेला पत्रा आणला, भिंतीला स्क्रूने आवळला आणि वरच्या कडेला सिलिकॉनची जाड रेघ ओढून दिली, दिसायला इतकं नीटनेटकं की आम्ही निश्चिंत झालो. पहिल्याच मोठ्या पावसात भिंतीचे पोपडे परत सुटले. शेवटी तो पत्रा मी स्वतः काढला. सिलिकॉनची रेघ समोरून अखंड होती, कुठे चीर नाही काही नाही, पण विटेच्या बाजूने नख घातलं तर सरळ आत गेलं आणि रेघ पट्टीसारखी सोलून हातात आली. तिच्या मागच्या अंगाला विटेची लाल पूड चिकटलेली होती. म्हणजे सिलिकॉन विटेला धरूनच नव्हतं, विटेवरच्या धुळीला धरून होतं, आणि पाणी तिच्या मागून खुशाल उतरत होतं.

विटांची भिंत काचेसारखी सपाट नसते हो. विटेचा पृष्ठभाग खरबरीत, मधल्या दर्जा, म्हणजे विटांमधले मसाल्याचे सांधे, थोड्या आत गेलेल्या, त्यामुळे भिंतीवरून ओघळणारं पाणी पत्र्याच्या मागे शिरायला वाट शोधतंच. आणि दुसरं म्हणजे भिंत आणि छप्पर एकत्र हलत नाहीत. छपराचं लाकूड फुगतं, आकसतं, भाराने थोडं बसतं, भिंत मात्र आपल्या जागी. मग दोघांना एकाच पत्र्याने जखडलं की कुठेतरी तुटणारच.

म्हणून खरी पद्धत दोन पत्र्यांची आहे. खालचा पत्रा छपराचा, वरचा भिंतीचा, आणि दोघांना एकमेकांशी खिळा मारायचा नाही. खालच्याची एक बाजू छपरावर, दुसरी भिंतीला लागून निदान ४ इंच, शक्यतो ६ इंच उभी. उताराच्या कडेला हा अखंड न घेता कौलाच्या किंवा शिंगलच्या प्रत्येक ओळीला एक असे छोटे तुकडे घालत वर जायचं. वरचा पत्रा, ज्याला काउंटर फ्लॅशिंग म्हणतात, तो भिंतीच्या आतून बाहेर येतो आणि खालच्या पत्र्याच्या उभ्या बाजूवर ३-४ इंच झाकण घालतो. भिंतीच्या आतून, हे महत्त्वाचं.

त्यासाठी दर्जेत खाच पाडावी लागते. ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून फक्त दर्ज कापायची, वीट नाही, आणि खोली १ ते दीड इंच पुरते, जास्त खोल जाऊन भिंत कमकुवत करू नये. जुन्या भिंतीत चुन्याचा मसाला असेल तर तो मऊ असतो, तिथे छिन्नी-हातोडीने हळूहळू कोरलेलं बरं. कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून हे काम कोणी करू नये. धुळीसाठीचा नीट बसणारा मास्क आणि डोळ्यांना गॉगल हवाच, आणि कारागिराकडे नसेल तर आपण आणून द्यावा. छप्पर उतरतं असेल तर खाच तिरकी एका रेषेत मारायची नाही, कारण तशाने विटा कापल्या जातात. दर्जा आडव्या असतात म्हणून पत्रेही पायऱ्या-पायऱ्यांनी बसवायचे.

खाच झाली की ब्रशने धूळ पूर्ण काढायची. मग पत्र्याची जी कड आत जाणार ती स्वतःवरच उलटी दुमडायची, अगदी चपटी न करता थोडी फुगीर ठेवून, म्हणजे आत ढकलल्यावर ती चिमट्यासारखी ताणून धरते. त्यावर शिशाच्या पट्टीच्या छोट्या गुंडाळ्या करून दर दीड फुटाच्या आत एक अशी पाचर ठोकायची. सीलंट येतं ते सगळ्यात शेवटी, खाच बुजवायला, आणि तेही बाहेरच्या बाजूला थोडा उतार ठेवून. पकड दुमडीची आणि पाचरीची असते, सीलंटची नाही. आमच्याकडे नेमकं हेच उलटं झालं होतं. पत्र्याची खालची कडसुद्धा अर्धा इंच दुमडून किंचित बाहेर वाकवली की पत्रा ताठ राहतो आणि थेंब भिंतीपासून लांब पडतो.

पत्रा लावायला सुरुवात खालून, प्रत्येक वरचा तुकडा खालच्यावर ३-४ इंच चढवत. एकच लांबलचक तुकडा घेऊ नका. ३ मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की जवळजवळ ३ मिलिमीटर लांबतो, त्याला सरकायला जागा नसेल तर तो फुगतो आणि खाचेतून उपसून निघतो. धातूंची सरमिसळही करू नये. तांब्यावरून आलेलं पाणी जस्ताच्या पत्र्यावर किंवा ॲल्युमिनियमवर पडत राहिलं तर तो पत्रा खाऊन टाकतं. ओला सिमेंटचा मसाला ॲल्युमिनियमला चावतो, म्हणून तिथे कोटिंग असलेला पत्रा घ्यावा. शिसं मऊ असल्याने विटांवर सुंदर बसतं, पण हाताळल्यावर हात धुवावेत आणि त्यावरून आलेलं पाणी पिण्यासाठी साठवू नये.

आणखी एक जागा हमखास विसरली जाते. छप्पर संपतं पण भिंत पुढे जाते तिथे सगळ्यात खालचा तुकडा बाहेर वळवून पाणी पन्हळीत टाकायला हवं, नाहीतर सगळा लोंढा पन्हळीच्या मागून भिंतीवर उतरतो.

हेही सांगायला हवं की भिंतीचा वरचा भागच पाणी पीत असेल, म्हणजे दर्जा उघड्या पडल्यात किंवा विटा ठिसूळ झाल्यात, तर काउंटर फ्लॅशिंग कितीही चांगलं बसवा, पाणी विटांच्या आतून त्याच्या मागे जाईल. आधी दर्जा भरून घ्या. काम झाल्यावर पाइपने पाणी सोडून बघा, पण वरून नाही, खालून सुरू करून एकेक टप्पा थांबत वर जा, म्हणजे नेमकं कुठून गळतंय ते सापडतं.

ज्यांचं काम सध्या चालू आहे त्यांनी खाच बुजवण्याआधी शिडी चढून एकदा बघावं आणि पट्टीने खोली मोजावी. खाचच नसेल आणि पत्रा नुसता भिंतीवर आवळलेला असेल तर तिथेच काम थांबवा.

सोबत मी हाताने काढलेली आकृती जोडली आहे, भिंतीचा उभा छेद आहे, दोन्ही पत्रे वेगळे दाखवलेत. जागा नसेल तर पत्र छोटं करा पण आकृती छापा, कारण पाणी कसं उतरतं ते चित्रात चटकन कळतं.

आपला,
एक नियमित वाचक