मान मोडायच्या आधी वाच

मालवण,
आषाढ

प्रिय संज्या,

वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "ह्यांनी शनिवारी मान मोडून घ्यायची वेळ घेतलीय." मला आधी हसू आलं, मग काळजी वाटली. मानेशी माइक लावून झटका देतात, कडाक्‌ आवाज येतो आणि माणूस खुदकन हसतो, ते व्हिडिओ मीही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघितलेत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

गेल्या वर्षीचं माझं तुला अर्धंच ठाऊक आहे. कुर्लीची नांगी दाताखाली धरली आणि डाव्या कानापुढे खट्‌ झालं. दुसऱ्या दिवशी तोंड जेमतेम दोन बोटं उघडेना. एरवी आपली तीन बोटं उभी मावतात, आत्ता घालून बघ. आई म्हणाली, "जरा गप रव, आपोआप बरां जातलां." गप राहणं मला जमलं असतं तर काय हवं होतं!

मग कोणीतरी सांगितलं म्हणून एका मान बसवणाऱ्याकडे गेलो. तेल चोळलं तोवर झकास. बोलता बोलता त्याने हनुवटी धरली आणि मान फिरवली. आवाज आला, तो म्हणाला, "बसलां जाग्यार." पुढचे दोन दिवस मी घरात भिंत धरून चालत होतो. जबडा होता तिथेच.

त्या आवाजाचं नंतर कळलं. सांध्यातल्या वंगणात दाब एकदम उतरला की वायूची पोकळी तयार होते, तो कडाका तिचा. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. पण आवाज ऐकला की बरं वाटतं, हे खरं आहे. कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणके हाताने दाबून करायच्या या उपचाराची, सुरुवातच अशा एका गोष्टीने झाली. 1895 साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर या गृहस्थाने हार्वी लिलार्ड नावाच्या बहिऱ्या झाडूवाल्याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं म्हणे. पामर त्याआधी चुंबकीय उपचार करायचा. असो. कंबरदुखीला या हातांनी थोडाफार आराम पडतो, ते मी नाकारत नाही. मानेचा झटका मात्र वेगळा. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात. क्वचितच, पण तिथे धमनीला आतून चीर पडून पक्षाघात झालेला आहे. क्वचित म्हणजे किती, याचा हिशेब तुझ्या मानेवर नको.

शेवटी कुडाळच्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तुझ्या पुतणीच्या वयाची मुलगी. तिने मला आरशासमोर उभं करून कानापुढे बोट ठेवायला लावलं आणि म्हणाली, "काका, आता हळू उघडा." जबडा सरळ खाली येईना, एकच वल्हं मारलेल्या होडीसारखा डावीकडे गेला. कानापुढच्या त्या सांध्यात कुर्चेची, म्हणजे मऊ लवचिक हाडाची, एक चकती असते. ती पुढे सरकून अडकली की तोंड उघडत नाही, मागे उडी मारून बसली की टक्‌ वाजतं. नुसतं वाजत असेल, दुखत नसेल, तर त्याच्या मागे लागायचं नाही, असं तिचं म्हणणं.

मग तिने विचारलं, रात्री दात खाता का? मी नाही म्हणालो. सोबत आलेली बायको म्हणाली, "वर्षभर सुपारी कातरतायत झोपेत." होमस्टेचं कर्ज, वादळात उडालेले पत्रे, सगळं त्या अडकित्त्यात जात होतं.

उपचार ऐकून तुझा विरस होईल. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला. दिवसभर हेच. गरम फडकं, सहा आठवडे मऊ भात-पेज, कापा फणस बंद (तो मात्र जिवावर आला), आणि अंगठा आत घालून गालाचा स्नायू ती हळूहळू दाबायची तेव्हा डोळ्यांत पाणी. 2023 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यावर शिफारशी आल्या, त्यांतही वजन आहे ते देखरेखीखालच्या व्यायामाला, हाताने सांधा मोकळा करण्याला आणि ताण हाताळायला शिकण्याला. दातांवर बसवायच्या प्लेटबद्दल हात राखूनच लिहिलंय. ती मी पाच हजारांना आधीच करून बसलो होतो, कपाटात आहे.

आईच्या गुडघ्यांचंही तिलाच विचारलं. झिजलेली कुर्चा कोणी दाबून परत येत नाही, मांडीचे स्नायू बळकट करा, म्हणाली. आडाळो, म्हणजे विळी, आता टेबलावर बसवलाय. आई रोज कुरकुरते आणि खुर्चीवर बसून नारळ खवते.

तर शनिवारी जायचंच असेल तर जा, पाठ दाखव, खांदे दाखव. मानेला झटका देणार नाही, हे आधी वदवून घे. हाताला मुंग्या येत असतील किंवा चक्कर असेल तर तिथे नकोच, सरळ डॉक्टरकडे.

गणपती पोचवल्यावर दोन दिवस जास्त राहा. कुर्ल्या आणेन. नांग्या फोडायला खरा अडकित्ता काढून ठेवलाय.

तुझा,
बाळू