काळा पडदा म्हणजे मदरबोर्ड गेला असं नव्हे

महोदय,

पावसाळ्यात घरचा डेस्कटॉप बंद पडला की अनेकांना ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं सांगितलं जातं. कंपनीचा लोगोही उमटत नसेल, तर विंडोज नव्याने टाकून काहीच साधत नाही. उलट फोटो आणि कागदपत्रं मात्र जातात. ग्राहकांनी अशा वेळी ठाम नकार द्यावा.

बटण दाबूनही पंखा हलत नसेल तर आधी प्लग, वायर आणि मागचा एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्विच पाहावा. पंखा फिरतो पण पडदा काळाच, अशा वेळी मॉनिटरची केबल नीट असेल तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डच्या (मुख्य सर्किट बोर्डाच्या) खाचेत बसणाऱ्या मेमरीच्या कार्डावर घ्यावा. दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर चढतो आणि संपर्क तुटतो. प्लग काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मग क्लिपा उघडून रॅम काढा. पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत सरळ दाबून बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा.

दरवेळी संगणकाची तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदला. तो स्वस्तात मिळतो.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीच उघडू नये. आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असू शकतो.

– एक संगणक तंत्रज्ञ