परिचारिकेचे पद शिलकीवर नको

शाळांच्या अंदाजपत्रकातील काटकसरीवरचा आपला अग्रलेख वाचला. त्यात वर्गखोल्या आणि शिक्षकभरतीचा ऊहापोह आहे, शालेय परिचारिकेचा मात्र उल्लेखही नाही. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये परिचारिका लीना रॉजर्स यांना चार शाळांवर नेमले गेले. तोवर खरूज किंवा डोळे आलेल्या मुलांना सरळ घरी पाठवले जाई. रॉजर्स यांनी शाळेतच मलमपट्टी केली, घरोघरी जाऊन पालकांना समजावले. वर्षभरात अशी गैरहजेरी सुमारे ९० टक्क्यांनी घटली. म्हणजे हा खर्च मुळात शिक्षणाचाच आहे! तरीही अनेक ठिकाणी हे पद उरल्यासुरल्या निधीतून भरतात आणि एकीच्या वाट्याला चार-पाच शाळा येतात. मधुमेही मुलाची साखर तिच्या ठरलेल्या वाराची वाट पाहत नाही. मग इन्शुलिनचा डोस मोजण्याची जबाबदारी वर्ग सोडून धावलेल्या शिक्षिकेवर पडते. हे त्या मुलासाठी धोक्याचे आणि तिच्यासाठी अन्यायाचे आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्येच प्रत्येक शाळेत पूर्णवेळ परिचारिकेची शिफारस केली होती. तिच्या वेतनासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवावे आणि तो निधी अन्यत्र वळवण्यास मनाई असावी.

– एक निवृत्त शिक्षिका