बाबा, टिप आली की आधी एवढं बघा

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुमच्या ग्रुपवरचा ‘५०० कोटींची ऑर्डर, उद्या अप्पर सर्किट’ (म्हणजे शेअरचा भाव दिवसात वाढू शकतो त्या कमाल मर्यादेला जाणार) हा मेसेज वाचला. त्यावर लगेच काही घेऊ नका. बीएसई किंवा एनएसई या शेअर बाजारांच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून ‘कॉर्पोरेट अनाउन्समेंट्स’ उघडा. एवढी मोठी ऑर्डर खरी असेल, तर कंपनीला ती फार तर २४ तासांत तिथे कळवावी लागते. तिथे काहीच नसेल, तर विषय संपला.

आणि असलीच, तर पीडीएफ उघडून दोन रकाने वाचा. पहिला कालावधीचा. ५०० कोटींचं काम पाच वर्षांचं असेल, तर वर्षाला आले १००. त्यावर ८ टक्के नफा सुटला तर ८ कोटी. शेअर वीस टक्के वर जायला हे पुरेसं आहे का, ते कंपनीचा वर्षाचा नफा शेजारी ठेवून ठरवा. दुसरा रकाना ऑर्डर देणाऱ्यात प्रमोटरचा (कंपनीच्या मूळ मालकांचा) हितसंबंध आहे का, हा. तिथे ‘होय’ असेल तर घरच्याच कंपनीने घरच्याला काम दिलंय. ‘लेटर ऑफ इंटेंट’ (काम द्यायचा नुसता इरादा) असं लिहिलं असेल, तर ती अजून ऑर्डर नाहीच.

‘नफा पाचपट’ हा मथळा तर दर तिमाहीला येतो. निकालात ‘इतर उत्पन्न’ आणि ‘एक्सेप्शनल आयटम’ (एकदाच होणारी जमा किंवा खर्च) या ओळी बघा. धंद्यातून २ कोटी आणि जमीन विकून ८ कोटी मिळाले, तरी नफा १० कोटीच दिसतो. पुढच्या तिमाहीत विकायला जमीन उरलेली नसते.

माझ्या मते सगळ्यात बोलका कागद शेअरहोल्डिंग पॅटर्नचा, म्हणजे कंपनीचे किती शेअर कोणाकडे आहेत त्याचा. तो दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांत येतो. मागच्या चार तिमाह्या शेजारी-शेजारी ठेवा. प्रमोटरचा वाटा घटतोय आणि छोट्या भागधारकांची संख्या फुगतेय, तर माल कोण कोणाच्या गळ्यात मारतंय ते उघड आहे. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या बाबतीत सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) मार्च २०२३ च्या आदेशात हेच मांडलं: यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ, भाव वर, आणि काही प्रमोटर त्याच चढ्या भावाला विकून मोकळे. अशा शेअरला पुढे लोअर सर्किट (दिवसात पडायची कमाल मर्यादा) लागलं की विकायची ऑर्डर टाकून बसावं लागतं. समोर घेणाराच नसतो.

आई, तुला फोन करणाऱ्या त्या ‘सल्लागार’ बाईंना सेबीचा नोंदणी क्रमांक विचार. सल्लागाराचा आयएनए, रिसर्च अॅनालिस्टचा (शेअरचा अभ्यास करून शिफारस करणाऱ्याचा) आयएनएच ने सुरू होतो. त्यांनी सांगितलेला नंबर तसाच धरू नकोस, सेबीच्या साइटवर नाव जुळतंय का ते बघ. दुसऱ्याचा नंबर सर्रास चिकटवतात. ‘हमखास परतावा’ म्हणाल्या, की फोन ठेव. नोंदणी असलेल्याला तसं म्हणायची परवानगीच नाही.

ऑप्शन्सच्या (शेअरच्या पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांच्या) नफ्याचे स्क्रीनशॉट कुणीही बनवतं, ते बघूच नका. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात निघाले.

पैसे कधीही कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा लिंकवरून आलेल्या अॅपमध्ये भरू नका. भरले गेलेच, तर मला नंतर सांगा, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पहिले काही तास गेले की पैसे खात्या-खात्यांतून पुढे निघून जातात.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, मोबाइलवर पीडीएफची अक्षरं बारीक दिसतात; फोन आडवा धरा.