शिष्यवृत्तीच्या पलीकडचा मोबदला

ओहायो, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

अमेरिकेत शिष्यवृत्तीवर विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्यांचे शुल्क, वसतिगृह, जेवण सारे विद्यापीठ पाहते, मग या खेळाडूंना वर आणखी पैसे कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तरीही माझे मत खेळाडूंच्या बाजूचे आहे. इथे अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात विद्यापीठांच्या सामन्यांना दर शनिवारी लाखभर माणसे मावणारी मैदाने भरतात. विद्यापीठांच्या बास्केटबॉलच्या मार्चमधील एका स्पर्धेच्या प्रक्षेपण-हक्कांचा २०२५ ते २०३२ पर्यंतचा करारच ८.८ अब्ज डॉलरचा आहे, आणि बऱ्याच राज्यांत सर्वाधिक सरकारी पगार राज्यपालांना नव्हे, तर विद्यापीठाच्या क्रीडा-प्रशिक्षकाला मिळतो. खेळाडूंना उपाशी ठेवावे इतकी ही विद्यापीठे गरीब नाहीत!

मी शिकवतो त्या संख्याशास्त्राच्या वर्गात एक फुटबॉलपटू गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून शेवटच्या बाकावर बसतो. त्याला अभियांत्रिकी शिकायची होती, परंतु प्रयोगशाळेची आणि सरावाची वेळ एकच निघाल्याने त्याने शाखा बदलली. म्हणजे ज्या शिक्षणाला मोबदला म्हणायचे, तेही त्याच्या पदरात पुरते पडले नाही.

माझा खरा आक्षेप दुखापतीविषयी आहे. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील रे डेनिसन हा खेळाडू सामन्यातील मारामुळे दगावला. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पत्नीला कामगारांची नुकसानभरपाई नाकारली. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येते, आणि खेळाडूंच्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठे ठरावीक मर्यादेपर्यंत, २०२५-२६ या पहिल्या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत, रक्कम थेट त्यांच्यात वाटू शकतात. मात्र यातला मोठा वाटा फुटबॉलकडे जाणार, मुलींच्या खेळांना उरलेसुरले मिळणार, आणि खेळाडू कायद्याने नोकर न ठरल्यामुळे डेनिसनच्या पत्नीने मागितलेले संरक्षण अजूनही नाहीच. नामवंत खेळाडूंना चार पैसे अधिक मिळण्यापेक्षा हे संरक्षण सर्वांना आधी मिळावे, असे मला वाटते.

अनघाला टेनिसच्या शिष्यवृत्तीवर इकडे यायचे आहे, असे काकूंनी कळवले. विद्यार्थी व्हिसावर काम करण्यास कडक मर्यादा असल्याने या नव्या कमाईवर तिने भिस्त ठेवू नये. खेळताना दुखापत झाल्यास शिष्यवृत्ती चालू राहील का, आणि शिक्षण संपल्यावरही उपचारांचा खर्च कोण करील, एवढे मात्र तिने सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.

आईस नमस्कार.

तुमचा,
अनिरुद्ध