बाळाच्या कानांची तपासणी डिस्चार्जआधीच हवी

मा. संपादक,
स. न.

शिमग्यात पालखी आमच्या अंगणात नाचत होती आणि अकरा महिन्यांचा माझा नातू माझ्या खांद्यावर गाढ झोपला होता. ‘ढोलाला घाबरत नाही, गुणी पोर,’ सगळे म्हणाले. मीही कौतुकच केलं. दोन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणून आम्ही थांबलो. मागून थाळी वाजवली, तो वळला. पण थाळीचा मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलणं ऐकू येत नसू शकतं, हे तो अडीच वर्षांचा असताना ‘बेरा’ तपासणी (आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे पाहणारी) झाल्यावर समजलं.

जन्मल्यावर तो सात दिवस अतिदक्षता विभागात होता. अशा बाळांना बहिरेपणाचा धोका जास्त असतो. डिस्चार्जच्या कागदावर वजन होतं, लशी होत्या, कानांबद्दल एक ओळ नव्हती.

हजारात एक ते तीन बाळं जन्मतः कमी ऐकतात. ‘ओएई’ तपासणीत झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी बोंडी घालतात; ती बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपते. सुई नाही, वेदना नाही, काही मिनिटांचं काम. अतिदक्षता विभागातल्या बाळाची मात्र ‘बेरा’च्या पद्धतीनेही तपासणी हवी, कारण कानाच्या नसेतला दोष ओएईतून सुटू शकतो. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं तज्ज्ञ सांगतात. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. तरी आमच्या बाळापर्यंत तपासणी पोहोचली नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मुली बाळंतपणाला माहेरी येतात आणि सव्वा महिना झाला की मुंबईला परततात. कानात जन्माच्या वेळचा चिकटा राहिला तरी पहिली तपासणी नापास येऊ शकते, म्हणून ती पुन्हा करावी लागते. ही दुसरी खेप नेमकी इथेच हुकते. म्हणून निकाल लसीकरणाच्या कार्डावरच लिहावा, म्हणजे तो आईसोबत मुंबईला जाईल. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ओएई यंत्र असावं, आणि राहून गेलेल्या बाळांना दीड महिन्याच्या लशीच्या दिवशी तपासावं.

माझी धाकटी लेक बाळंतपणाला आली आहे. कानांची नोंद कागदावर आल्याशिवाय आम्ही बाळाला घरी आणणार नाही.

– एक आजी, ता. गुहागर, जि. रत्नागिरी