लाल पाणी आणि वजनकाटा

चंदगड

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज पार उतरला होता. ‘कट द्यायचाच का, थोडं थांबू या का?’ एवढंच तू बाळंतपणात विचारलंस, बाळाला वाट मोठी व्हावी म्हणून योनीच्या तोंडाशी देतात त्या कटाबद्दल, आणि सिस्टर म्हणाल्या, ‘पुस्तकातलं पुस्तकात ठेव.’ तू त्यांना अडाणी म्हणालीस, ते मला आवडलं नाही.

मीही वर्षानुवर्षं प्रत्येक पहिलटकरणीला कट दिलाय. शिकवलंच होतं तसं: वेडंवाकडं फाटण्यापेक्षा सरळ कापलेलं बरं, टाका नीट बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सरसकट कट नको असं सांगितलं, तेव्हा शेजारी बसलेली सिस्टर हळूच म्हणाली, ‘मग आपण इतक्या बायका उगाच कापल्या?’ कुणीच काही बोललं नाही. तुझ्या सिस्टरांना बहुतेक तेच बोचत असणार. शिवाय आज एक, उद्या दुसरं. कळांमध्ये गर्भपिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की पुढे तासाला एक सेंटिमीटर उघडायलाच हवं, हे आम्ही घोकलं. त्याच २०१८च्या मार्गदर्शिकेने चारचे पाच केले आणि तासाला एकचा हट्टही सोडला. तोवर तोंड किती उघडलं त्याचा आलेख ठरलेल्या रेषेपलीकडे गेला म्हणून किती बोलणी खाल्ली आम्ही!

आपली जुनी सवयही चुकू शकते, हे मला पटलं ते लाल पाण्यामुळे. एका प्रशिक्षणात त्यांनी बाळंतिणीचं रक्त समजून मापून लाल पाणी चादरीवर, पॅडवर ओतलं आणि किती असेल त्याचा अंदाज लिहायला सांगितला. मी लिहिलं तीनशे मिली. निघालं साडेसहाशे. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर! बाळंतिणीचं रक्त पाचशे मिलीच्या वर गेलं की आपण धावायचं, आणि मी खुशाल बसून राहिले असते.

मग कळलं, रक्त मोजायची ती प्लास्टिकची चादर, कमरेखाली अंथरायची, टोकाला आकडे छापलेली पिशवी, आपल्या बेळगावकडच्या अभ्यासात वापरली होती. खेड्यांतल्या १,६२० बाळंतिणी. निम्म्यांना बाळ झाल्यावर मिसोप्रोस्टॉल, म्हणजे रक्तस्राव रोखणाऱ्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. देणाऱ्या कोण, तर माझ्यासारख्या एएनएम, गावात बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाया! जादा रक्तस्राव शेकडा १२ वरून ६.४ वर आला. २००६ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकात छापून आलं. संशोधन म्हणजे वरून येणारं फर्मान, अशी माझी समजूत होती. हे तर इथून एसटीने जाता येईल अशा गावांत, आपल्यासारख्या बायांच्या हातून झालेलं.

कटचं भांडण सध्या राहू दे. सिस्टरांना विचारून एका बाळंतिणीचे पॅड तोलून बघ. कोरड्याचं वजन वजा कर, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. आधी अंदाज सिस्टरांना सांगू दे, मग दोघी मिळून काटा बघा. हसू नकोस मात्र.

स्वयंपाकघरातला छोटा काटा मामाबरोबर पाठवते आहे. परत आणू नकोस, मी दुसरा घेईन.

तुझी,
आई